ओरखडा

गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणात एक लहानसे काम पार पडले. १९९७ साली घेतलेल्या आमच्या तांबड्या हिरो होंडा स्प्लेंडरवरचे स्टिकर काढण्याचे. काम एका सकाळचे. परंतु त्याला हात घालायला आम्हांला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

२००३ साली आमचे चिरंजीव महाविद्यालयात होते. एका संध्याकाळी त्यांनी गाडी रेडियमवाल्याकडे नेली आणि पेट्रोलच्या टाकीवर ज्वाळांतून झेप घेणारा गरुड, मडगार्डवर बाण आणि बाजूच्या झाकणांवर इंग्रजी अक्षरे असा साज चढवून परत आणली. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा या दुकानाशी वस्तुतः काहीच संबंध नसतो. तिथे मिळतात ती विनाइलची चिकट चित्रे. पण त्या संध्याकाळी असा विनोद सुचण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. गाडीचे हप्ते आमच्या पगारातून गेलेले. आम्हांला न विचारता हे करणारा हा कोण? आम्ही स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि मुलाच्या मित्रांदेखत गरुड खरवडू लागलो. अर्धा निघाला. त्याच्यासोबत रंगही निघाला आणि टाकीवर बोटभर लांबीचा, पत्र्यापर्यंत पोहोचलेला ओरखडा उमटला. मुलगा एक शब्दही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून त्याने गाडीला हात लावला नाही.

वसईची हवा खारी आणि दमट. पहिल्याच पावसाळ्यात ओरखड्यावर गंज चढला. अर्धा गरुड तसाच राहिला. तो काढावा असे अनेकदा मनात आले, पण त्याच्याजवळ गेले की ती संध्याकाळ आठवे आणि हात मागे येई. पुढे मुलगा नोकरीसाठी आखातात गेला. फोनवर प्रकृती, पाऊस, पैसे यांविषयी बोलणे होई. गाडीचा विषय दोन्हीकडून टळे.

यंदा भाच्याला जवळच नोकरी लागली आणि गाडी त्याला देण्याचे ठरले. "मामा, तेवढे स्टिकर काढून द्या हं," तो हसत म्हणाला. चिरंजीव सुट्टीवर आले होते. त्यांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही उठण्यापूर्वीच, चुलीवर पाणी ठेवले.

"सुरी नको, बाबा," तो म्हणाला.

"आणलेलीच नाही," आम्ही म्हणालो.

गाडी सावलीत घेतली, इंजिन थंड होते. प्रथम साबणाच्या पाण्याने धूळ धुतली, कारण धुळीचा कण फडक्याखाली सापडला तर तोच रंगावर रेघा ओढतो. मग त्याने आमचे बोट धरून एकेका चित्राच्या कडेवरून फिरवले. कड नखाला लागली तर स्टिकर रंगाच्या वर आहे, तो निघेल. कड लागलीच नाही तर त्यावर पारदर्शक लॅकरचा थर आहे. तो काढू गेल्यास रंगच जाईल. आमचे सारे स्टिकर वरचेच होते.

सुनेने केस वाळवण्याचे यंत्र आणून दिले. मडगार्डवर त्याने ते वीतभर अंतरावरून, सतत हलते ठेवून वापरले. टाकीजवळ मात्र नेऊ दिले नाही. पेट्रोलची वाफ आणि तापलेली तार यांची भेट होऊ नये म्हणून टाकीवर गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवायचे, हाताला सोसवेल इतकेच गरम. उष्णतेने चिकट थर मऊ होतो. दोन-तीन मिनिटांनी नखाने कोपरा सोडवायचा आणि स्टिकर सरळ वर न ओढता, उलटा दुमडून, पृष्ठभागालगत हळूहळू मागे न्यायचा. थांबला की पुन्हा फडके. उन्हाने विनाइल ठिसूळ झालेले असल्यामुळे तुकडे पडत होते. त्यांच्याखाली आम्ही बँकेचे जुने प्लास्टिकचे कार्ड सारत होतो.

मागे उरलेल्या चिकटाला खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटे सोडले. बराचसा सुती कापडाने निघाला. हट्टी डागांसाठी जुन्या बाटलीतले घासलेट, तेही कापडाच्या टोकाला थोडेसे आणि आधी झाकणाच्या आतल्या बाजूस लावून पाहिलेले. थिनरला बंदी होती. तो चिकट आणि रंग यांत भेद करत नाही.

गरुड निघाला तेव्हा आम्ही दोघेही थबकलो. त्याच्या जागी गडद तांबडी आकृती उमटली होती. आम्हांला वाटले, डाग राहिला. "डाग नाही, बाबा. तोच मूळ रंग. उन्हाने फिका पडलाय तो बाकीचा." आम्ही निरखून पाहिले. १९९७ साली दुकानातून आणलेली गाडी तेवढ्याच जागी शिल्लक होती. ज्याला आम्ही गाडीवरचा कलंक समजत होतो, त्यानेच तो तुकडा जपला होता.

आम्ही रबिंग कम्पाउंड हाती घेतले, तेव्हा त्याने बजावले, "बेताने. ते रंगाचाच पातळ थर काढतं." गाडीचा सारा रंग जेमतेम दशांश मिलिमीटर जाड. आकृती पुसट झाली, पुरती गेली नाही. ओरखडा मात्र कशानेच हलणार नव्हता. ज्या जागी रंगच नाही, तिथे घासून काय उजळणार?

आम्ही कापड खाली ठेवले. इतकी वर्षे तोंडाशी येऊन परतलेले वाक्य त्या गंजाकडे पाहत उच्चारले, "तुझ्या मित्रांसमोर मी तसं करायला नको होतं."

तो बराच वेळ टाकी पुसत राहिला. मग म्हणाला, "मीही आधी विचारायला हवं होतं." आणि पॉलिश पेपर आणायला उठला.

गंज घासला, प्रायमर लावला, तो सुकल्यावर बारीक ब्रशने तांबडा रंग भरला. छटा जुळली नाही. संध्याकाळी भाचा आला, टाकीवर हात फिरवून म्हणाला, "मामा, इथे काय झालं होतं?"

आम्ही उत्तर शोधत होतो. मुलगाच म्हणाला, "जुनं आहे. आज भरून घेतलंय."