काळा डोळा, पांढरा डोळा

टोकियोत 'यामानोते' नावाची एक लोकल आहे. ती चर्चगेटहून सुटून विरारला जावी तशी जात नाही. तीस स्टेशनं घेते नि तासाभरात पुन्हा जिथल्या तिथं! स्टेशन चुकलं तर उतरू नका, बसून राहा. पुढच्या फेरीत येईलच.

खरी पंचाईत पाट्यांची. रोमन अक्षरांत नावं असतात म्हणा, पण ती फलाटांवर. गल्लीबोळांत जपानीच! जपानीला तीन लिप्या. हिरागाना आणि काताकाना यांत मूळ अक्षरं ४६-४६. तक्ता मोठ्यानं वाचा बरं: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटला ना? संस्कृत वर्णमाला शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम आला.

ही अक्षरं पाठ कशी करायची? 'तानापिहिनिपाजा' म्हणत इंद्रधनुष्याचे रंग पाठ केलेत ना, तशीच युक्ती. हिरागानातला 'कु' म्हणजे उघडी चोच. 'कुहू' करणाऱ्या कोकिळेची! 'त्सु' म्हणजे वरून वळून कोसळणारी लाट. त्सुनामीचा 'त्सु'! झाली दोन पाठ. उरलेल्यांच्या गोष्टी तुम्हीच रचा. स्वतः रचलेली गोष्ट विसरत नाही.

तिसरी लिपी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अक्षरं. जपानी मुलं पहिलीत ८० आणि सहावीपर्यंत १०२६ कांजी शिकतात. ऐकून घाम फुटला? चला, पुन्हा यामानोतेत बसू.

उभा चौकोन, आत दोन आडव्या रेघा: हा डोळा. 'मेगुरो' स्टेशन म्हणजे डोळा आणि काळा. त्याच लाइनवर 'मेजिरो', म्हणजे डोळा आणि पांढरा! नुसता चौकोन म्हणजे तोंड. तीन उभ्या रेघा म्हणजे नदी. आता 'शिनागावा'ची पाटी बघा. वर एक चौकोन, खाली दोन, शेजारी नदी. मी म्हटलं, नदीकाठी तिघं जण घासाघीस करताहेत. त्या तीन तोंडांच्या अक्षराचा अर्थही 'माल' असाच आहे. टोकियोतल्या 'तो'चा अर्थ पूर्व. झाडामागून डोकावणारा सूर्य म्हणून तो लक्षात राहतो. मात्र अक्षराचा खरा जन्म तसा नाही, बरं का! ही आपली सोयीची थाप.

एक अडचण मात्र उरतेच. चित्रातून अर्थ कळतो, उच्चार नाही. डोंगराचं अक्षर 'यामानोते'त 'यामा' होतं, पण फुजी डोंगराला जोडलं की 'सान'! तिथं घोकंपट्टीला पर्याय नाही.

पण अर्थ कळला तरी लाज वाचते. गरम पाण्याच्या स्नानगृहांना दोन दारं असतात, दोन्हींवर पडदे. एकावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'स्त्री', कांजीत! चौकोनात अधिक चिन्ह म्हणजे भाताचं खाचर, त्याखाली 'बळ'. खाचरात राबणारा तो पुरुष, असं मी पाठ केलं होतं. काल उजवं दार आपलं होतं म्हणून आजही बेधडक शिरू नका. काही मुक्कामांत हे पडदे रोज अदलाबदल करतात. सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून अगदी उंबऱ्यापर्यंत गेलो, वर बघितलं, तर खाचर गायब! तस्सा मागं फिरलो.