शेवटचे कडवे गाळू नका

जुनी भीमगीते नव्या गळ्यातून ऐकायला आम्हाला आवडतात. एखादा निर्माता आठ-दहा गीते निवडतो, प्रत्येक गीतासाठी वेगळा पाहुणा गायक बोलावतो, ढोलकीच्या जोडीला गिटार घेतो आणि आल्बम काढतो. आमच्या सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांतली पोरे जयंतीच्या दिवसांत तीच गाणी मोबाइलवर लावतात. आजीच्या तोंडचे गीत नातवाच्या ओठी आले, याचा आनंदच आहे.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, जुन्या गाण्याला हात लावू नये. आम्हाला ते पटत नाही. आपले गीत एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातच वाढले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लहानपणी शाळेत गेले नव्हते. मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि हजारो गीते लिहून गेले. ती त्यांनी स्वतः गावोगाव गायिली, इतरांनीही गायिली. प्रल्हाद शिंदे यांचा गायनाचा वारसा मुलगे आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श यांनी पुढे नेला. पाहुणे गायक त्याच वाटेने चालले आहेत.

आमची तक्रार वेगळी आहे. गाणे चार मिनिटांत बसवायचे म्हणून शेवटचे कडवे गाळले जाते. वामनदादांच्या अनेक गीतांत 'वामन' हे नाव त्याच कडव्यात असते. चोखोबांच्या अभंगात शेवटी 'चोखा' येतो, तीच ही रीत. आपल्या बापजाद्यांना कागदावर अंगठा उठवावा लागला. त्या समाजातल्या कवीने गाण्यात केलेली ती सही आहे. कडवे गेले की सही गेली. मग पोरांना वाटते, गाणे गायकाचेच.

कधी अर्थही जातो. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची मैनेची छक्कड घ्या. तिच्या पुढच्या भागात संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि बेळगाव-कारवारची ताटातूट येते. पहिला भाग तेवढाच गायला, तर बायकोच्या आठवणीचे गाणे उरते, लढा गळून पडतो.

कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१-क घातले गेले. परवाना न मागता या कलमाखाली कव्हर काढायचे, तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झालेली हवीत, हक्कदाराला आधी नोटीस आणि मानधन द्यावे लागते, आणि ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिक गरज नसलेला नवा बदल करता येत नाही. ग्राहक फसू नये म्हणून जुन्या गायकाचे नाव अशा कव्हरवर छापण्यास मनाई आहे. कवीच्या नावाला मात्र अशी मनाई नाही. उलट कलम ५७ ने कवीला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्कच दिला आहे.

पण प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी कोण चढणार? आपल्या हातात आहे तेवढे करू. जयंतीच्या स्टेजवर गाणे लावण्याआधी कवीचे नाव माइकवरून सांगावे. विहारात एक वही ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना पूर्ण गीत पाठ असते; त्यांच्याकडून सगळी कडवी उतरवून घ्यावीत. हे काम नववी-दहावीच्या मुलामुलींना द्यावे. निर्माता ओळखीचा असेल तर त्याला सांगावे : बाबा, वाद्ये हवी ती घे, पण शेवटचे कडवे ठेव.

हिशेबात रक्कम जमा धरताना आपण ती कोणाकडून आली ते लिहितो. गाण्याच्या बाबतीतही एवढा प्रामाणिकपणा आपण राखला पाहिजे.

जयभीम.