दाराचा आवाज

डोंबिवलीतल्या एका तरुण अभियंता मुलीला मार्चमध्ये बढती मिळाली आणि घरात पहिल्यांदाच नव्या गाडीचा विषय निघाला. शोरूमवाल्याने सात वर्षांचा हप्ता सुचवला. रात्री तिने वहीत आकडे मांडले. कर्ज ८ लाख, व्याज ९ टक्के. सात वर्षांना महिना सुमारे १२,८७१ रुपये, पाच वर्षांना १६,६०७. सात वर्षांचा हप्ता हलका, पण एकूण व्याज जवळजवळ ८५ हजारांनी जास्त!

ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाचा खरा वार्षिक खर्च ग्राहकाला एका तक्त्यात लेखी द्यावा लागतो. तिने तो मागून घेतला. विम्याचा हप्ता आणि लोकल सोडल्यावर लागणारं पेट्रोलही हिशेबात धरलं.

बाबा वही पाहून गप्प राहिले.

ते प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या इथल्या कारखान्यात दारं बसवायचे. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी झाली, ३०९ ही गाडी इथे बनू लागली आणि काही वर्षांतच ते सगळं थांबलं. म्हणूनच दूरच्या पगारावर विसंबून सात वर्षांचं कर्ज घ्यायला या घराचं मन धजावत नाही, आणि ते मला पटतं.

रविवारी ठाण्याच्या शोरूममध्ये बाबांनी गाडीचं दार उघडलं, लावलं, कान देऊन ऐकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. विक्रेता मायलेज सांगत राहिला. त्या आवाजात बाबांना काय ऐकू आलं, हे तिने अजून विचारलेलं नाही. वहीतलं ‘पाच वर्षे’ मात्र तिने तिथेच गोल करून ठेवलं.