चिकन पॉट पाय

मिरजेला आपाला फोनवर सांगितलं की आज पॉट पाय केला, तर ती म्हणाली, "पाये? तिकडं मिळतात होय? रात्रभर ठेवले होतेस का शिजायला?" तिला समजावता समजावता दहा मिनिटं गेली. पाय म्हणजे आपले पाये नव्हेत, सारण भरून भट्टीत भाजलेला एक प्रकार. आणि त्याच्यावर बिस्किटं असतात म्हटल्यावर तर ती गप्पच झाली. कोंबडीच्या रश्श्यावर पार्लेची बिस्किटं रचलेली तिच्या डोळ्यांपुढं आली असणार. माझ्याही आली होती, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा.

अमेरिकेत बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं बिस्किट नाही. मैदा, लोणी, बेकिंग पावडर आणि ताक यांचा मऊ, फुगलेला, बिनगोडाचा छोटा पाव म्हणजे बिस्किट. गरम गरम खायचा. आपल्या बिस्किटाला ते लोक कुकी म्हणतात. एवढं कळलं की निम्मा पॉट पाय कळला.

मी लेकीकडं सहा महिन्यांसाठी आले होते, शिकागोच्या एका उपनगरात. आल्यावर महिन्याभरात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली त्या संध्याकाळी शेजारच्या आजी दारात उभ्या, हातात फॉइल लावलेली काचेची डिश. माझ्याच वयाच्या असतील, सत्तरीकडं झुकलेल्या. एकट्या राहतात. घरात आजारपण, बाळंतपण, मौत झाली की शेजाऱ्यांनी तयार जेवण नेऊन द्यायचं, ही तिकडची जुनी रीत. आपल्याकडं मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात, तसंच. मला फार बरं वाटलं. परदेशात कोणी असं दारात येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं, चिकन पॉट पाय आहे, सोपा आहे, माझी आई करायची. आम्ही शुक्रिया म्हणालो, दार लावलं, आणि तिघंही त्या डिशकडं बघत उभे राहिलो.

चिकन साध्या दुकानातलं. वर बाजारातल्या डब्याचं क्रीम ऑफ चिकन सूप, त्यातही चिकनची चरबी. तिथल्या मुसलमानांत यावर दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, अहले किताबचं अन्न चालतं, बिस्मिल्ला म्हणा आणि खा. जावयाचा एक मित्र तसंच करतो, आणि तो माझ्यापेक्षा जास्त नमाजी आहे. माझी लेक मात्र जबीहाच घेते. महिन्यातून एकदा डेव्हॉन अव्हेन्यूला जाऊन गोश्त आणते. (या डेव्हॉन रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग आणि एका तुकड्याला मोहम्मद अली जिना वे असं मानाचं नाव दिलंय. एकाच फूटपाथवरून सरळ चालत जाता येतं.) घर तिचं, नियम तिचा. आणि खरं सांगायचं तर माझाही घास उतरला नसता.

फेकणं शक्य नव्हतं. जावयाने ती डिश ऑफिसातल्या एका मुलाकडं पोहोचवली, तो एकटा राहायचा, खूश झाला. दुसऱ्या दिवशी रिकामी डिश धुताना तिच्या बुडाला चिकटपट्टी दिसली, तीवर पेनानं त्या आजींचं नाव. मी हसले. आमच्या घरी पितळी पातेल्यावर अब्बांचं नाव कोरलेलं होतं, साल घालून. भांडी फिरायची म्हणून नावं घालायची.

भांडं रिकामं परत करायचं नाही हे तर सांगायलाच नको. मी नानखटाई केली, डिश भरून नेऊन दिली. आजींनी दारातच एक उचलून तोंडात टाकली. काय घातलंय, कोणतं तूप, कोणाच्या हातचं, एक शब्द विचारला नाही. लेकीनं तोपर्यंत सांगून टाकलं होतं की पाय फार छान झाला होता. मी मान खाली घालून उभी.

तिथून परत येताना मला आमच्या वाड्याची आठवण आली. मिरजेच्या त्या वाड्यात आम्ही एकटेच मुसलमान. ईदच्या दिवशी अम्मी मधल्या जिन्याखालच्या दोन घरांत शीरखुर्मा पाठवायची, आणि समोरच्या काकूंकडं कोरडा. म्हणजे एका ताटात शेवया, साखर, खारीक, चारोळी, बदामाचे काप आणि वर तांब्याभर दूध. तुमचं तुम्ही शिजवा. आमच्या भांड्यात शिजलेलं त्यांना चालत नसे, बाजारातल्या शेवया चालत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सात-आठ वर्षांची असताना ते ताट नेता नेता कळलं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून यायचा तो आम्ही सगळा खायचो. मी अम्मीला एकदा विचारलं, आपण त्यांचं खातो, ते आपलं का खात नाहीत? अम्मी म्हणाली, "देतात ना? मग ताट उचल."

ती सल माझ्या मनात फार वर्षं होती. काकूंवर राग नव्हता, बाई चांगली होती. तो शीरखुर्मा शिजवून त्या एक वाटी आमच्याकडं परत पाठवायच्या, "बघा जमलाय का." दरवर्षी दूध जास्त आटलेलं असायचं. अम्मी दरवर्षी सांगायची, जमलाय. पण नकार तो नकार.

आता मीच नकार देऊन आले होते. मी स्वतःला समजावलं की दोन्हींत फरक आहे. माझा नकार कोंबडीला होता, बाईच्या हाताला नव्हता. तिनं गाजराचा हलवा आणला असता तर मी वाटी चाटून खाल्ली असती. काकूंचं तसं नव्हतं. हा फरक खरा आहे आणि मी आजही तो मानते. पण ज्या बाईनं दुपारभर उभं राहून डिश केली, तिच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडं डिश न खाताच गेली. आणि वर आम्ही खोटं बोललो. काकू निदान खोटं तरी बोलल्या नव्हत्या.

खोटं चार दिवस टिकलं. आजींनी ड्राइव्हवेवर नातीला विचारलं, तुला पाय आवडला का? नऊ वर्षांची पोर, तिनं जे होतं ते सांगितलं. आम्ही हलाल खातो, म्हणून तो बाबांच्या ऑफिसातल्या अंकलनी खाल्ला, त्यांना खूप आवडला. लेक घरात ऐकून कपाळाला हात लावून बसली.

दोन दिवसांनी बेल वाजली. आजी, हातात कागदी पिशवी. त्यांनी ती ओट्यावर रिकामी केली. गाजरं, सेलरी, कांदा, गोठवलेले मटार, मैदा, लोणी, ताकाची बाटली, आणि हातानं लिहिलेलं एक जुनं कार्ड, कोपऱ्यात तुपकट डाग पडलेलं. नात मध्ये उभी राहून मला मराठीत सांगत होती. आजी म्हणतात, चिकन तुमचं घ्या, बाकी मी आणलंय. सूपच्या डब्याऐवजी आई कशी करायची ते मला माहीत आहे, शिकवते.

मी त्या ओट्याकडं बघतच राहिले. समोर कोरडा शीरखुर्मा होता. मला बोलता येईना. नातीला वाटलं नानीला इंग्रजी कळलं नाही, म्हणून तिनं सगळं परत सांगितलं.

तर कृती. सव्वा किलोची कोंबडी, कांदा, मिरी आणि मीठ घालून पाऊण तास मंद उकळायची. बाजारात खोक्यात मिळतो तो चिकन ब्रॉथ म्हणजे आपली यखनीच. पुलावाला करतो तीच, फक्त गरम मसाल्याविना. मांस सोडवून मोठे तुकडे करायचे, यखनी गाळून अडीच कप बाजूला ठेवायची. जाड बुडाच्या पातेल्यात ७५ ग्रॅम लोणी, त्यात एक कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, सगळं बारीक चिरून, मऊ होईपर्यंत परतायचं. सेलरी म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातली जाड देठांची भाजी. नसली तर नसली. मग अर्धा कप मैदा टाकून दोन मिनिटं भाजायचा, कच्चा वास जाईपर्यंत, रंग मात्र येऊ द्यायचा नाही. यखनी थोडी थोडी घालत ढवळायचं, मग अर्धा कप दूध. नहारीला शेवटी आटा लावतो तेच तत्त्व, फक्त इथं आधी पीठ आणि मग पाणी, म्हणून गुठळ्या होत नाहीत. घट्ट झालं की चिकन, कपभर मटार, मिरपूड आणि थाईम. मिरजेला थाईम कुठून आणणार? चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोघांचा वास ज्यातून येतो ते थायमॉल एकच.

खरी गंमत बिस्किटात. दोन कप मैदा, तीन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, पाऊण चमचा मीठ. त्यात ८५ ग्रॅम लोणी, फ्रिजमधून काढलेलं कडक, बोटांच्या टोकांनी चोळायचं, मटाराएवढे खडे राहिले पाहिजेत. मग एक कप ताक. हे तिकडचं ताक दह्यासारखं दाट असतं. आपलं पातळ ताक घेतलं तर पीठ वाहील, त्यापेक्षा दही थोडं फेटून घ्या.

आणि इथं मी घोळ केला. हात पन्नास वर्षं कणीक तिंबत आलेले, त्यांनी पीठ दिसताच तिंबायला सुरुवात केली. आजी "नो, नो, नानी!" म्हणून धावत आल्या. नातीचं ऐकून त्याही मला नानी म्हणायला लागल्या होत्या. तोवर गोळा छान गुळगुळीत झाला होता. तो भाजल्यावर असा कडक झाला की जावई म्हणाला, अम्मी, याच्यानं खिळा ठोकता येईल. तिंबलं की मैद्यातलं ग्लुटेन घट्ट होतं, आणि हाताच्या उबेनं लोण्याचे खडे वितळतात. ते खडे भट्टीत वितळून त्यांची वाफ होते, आणि त्या वाफेनंच थर सुटतात. नानखटाई करताना मी पीठ कधी तिंबत नाही. पण तेव्हा डोक्यात नानखटाई नव्हती, पोळी होती.

दुसऱ्या खेपेला चमच्यानं चार वेळा हलवलं, पीठ ओबडधोबडच ठेवलं, आणि चमच्या-चमच्यानं सारणावर सोडलं. लाटणं नाही, कापणं नाही, म्हणूनच हा प्रकार सोपा. खालचं सारण मात्र उकळतं गरम हवं. गार सारणावर बिस्किट टाकलं की वरून लाल आणि बुडाशी कच्चं, चिकट राहतं. २२० डिग्रीवर वीस ते पंचवीस मिनिटं.

सोपा हा शब्दही अलीकडचा बरं का. बेकिंग पावडर नव्हती तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किटाचं पीठ अर्धा अर्धा तास बडवून त्यात हवा भरत, आणि बडवणारे हात बहुतेक गुलाम बायकांचे असत. कृती मात्र मालकिणीच्या नावानं कार्डावर उतरायची. आजींनीच हे सांगितलं, भट्टीसमोर बसल्या बसल्या. त्यांच्या आजोळचं घर केंटकीतलं.

पाय बाहेर आला तेव्हा कडेनं रस्सा उकळून वर आला होता, बिस्किटांच्या शेंड्यांना खरपूस रंग. आम्ही सगळे टेबलाशी बसलो. आजींनी स्वतः वाढलं. नातीनं बिस्मिल्ला म्हटलं, आजी थांबल्या, तिचं झाल्यावर त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, मग आम्ही थांबलो. चव म्हणाल तर सौम्य, फार सौम्य. आजारी माणसाचं जेवण. लेकीनं दोनदा घेतलं. मला एक हिरवी मिरची हवी होती, पण मी मागितली नाही.

लेकीनं मग त्यांना सांगितलं, त्या दिवशी मी खोटं बोलले. आजी म्हणाल्या, मला माहीत होतं, तू त्यात मीठ कमी होतं असं म्हणाली नाहीस. मी मीठ घालायचंच विसरले होते.

उरलेला पाय मी त्यांच्या डिशमध्ये भरून दिला, चिकटपट्टीवर त्यांचं नाव होतं त्याच. मिरजेला परत आल्यावर आपाच्या घरी ओटीजीत करून पाहिला. ओव्यानं काम झालं. आपानं एक बिस्किट उचललं, चहा मागवला, आणि त्यात बुडवून खाल्लं.