गोदाकाठची दैनंदिनी : पैठणची नाथषष्ठी

फाल्गुन वद्य पंचमी. छत्रपती संभाजीनगर ते पैठण

चितेगाव, बिडकीन, ढोरकीन मागे टाकत पैठणपर्यंत सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता. उन्हाचा ताव वाढू लागला आहे आणि कडेने दिंड्या चालल्या आहेत: पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. उद्या नाथषष्ठी. सातवाहनांची राजधानी असलेले हे जुने प्रतिष्ठान आता तीन दिवस गात राहील. समूहगायनाचा उत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे युरोप येतो. एस्टोनियात 1869 साली तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव भरला. स्कॉटलंडमध्ये 1892 साली ओबान गावी गेलिक गायनाचा ‘मॉड’ सुरू झाला, आणि तिथले गायकवृंद आजही त्यात चुरशीने उतरतात. आपल्याकडे मात्र एकट्या गवयाचीच परंपरा, मिळून गाणे आपल्याला कधी जमलेच नाही, असे चांगली जाणती माणसेही बोलून जातात. पैठणच्या वाटेवर हे विधान टिकत नाही. दिंडी हे मराठी मुलखाचे रीतसर, शिस्तीचे समूहगान आहे, आणि तिची थोरवी ही की तिच्यात ऐकणारा वेगळा काढलेला नाही. जो आला तो गाणारा. ही गोष्ट आपोआप घडत नाही, तिच्यामागे विचारपूर्वक बसवलेली घडी आहे, एवढे मान्य झाले तर तिला धक्का कशाने लागतो तेही कळेल.

षष्ठी. पैठण

एकनाथमहाराजांनी 1599 साली याच तिथीला गोदावरीकाठी देह ठेवला. गावातल्या नाथमंदिरातून वंशजांची निर्याण दिंडी निघते ती नदीकाठच्या समाधिमंदिराकडे, आणि गावोगावच्या दिंड्यांचे तोंडही तिकडेच. यातली कुठलीही एक जवळून पाहावी. टाळकरी दोन ओळी धरून समोरासमोर उभे, मध्ये मृदंग, आणि गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी. वीणा भुईवर ठेवायची नाही. वीणेकरी थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि गाणे चालूच राहते. चरण एकजण उचलतो, समोरची ओळ तो झेलते, मग सगळे मिळून ध्रुपदावर येतात. सुरुवात संथ, पुढे मृदंग लय वाढवतो आणि पावली सुरू होते. आता ज्याला अभंग पाठ नाही, ज्याने आयुष्यात टाळ धरलेला नाही, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी ध्रुपद आहे. प्रत्येक चरणानंतर ते परत येते, त्यामुळे दोन-चार फेऱ्यांत ते नवख्याच्याही तोंडी बसते, आणि हातात टाळ नसला तर टाळी आहेच. जाणत्याला चरण आणि नवख्याला ध्रुपद अशी ही वाटणी आहे. दोघांनाही आपापल्या बेताचे काम मिळते. एवढी साधी आणि इतकी पक्की सोय संगीताच्या फार थोड्या प्रकारांत सापडेल.

ही शिस्त कुणीतरी लावली आहे, हे विसरता कामा नये. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिंड्यांच्या क्रमासकट आजचे रूप दिले. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि आजही कीर्तनकार तिथे घडतात. तरी आक्षेप येतोच: सगळे एकाच सुरात गातात, युरोपातल्या वृंदासारखे वेगवेगळे स्वर एकमेकांत गुंफलेले नाहीत, मग यात कला ती कोणती? स्वरांची गुंफण नाही हे खरेच आहे. पण तशी गुंफण साधायची तर गळे पारखून विभागावे लागतात, सराव घ्यावा लागतो, आणि ज्याला जमत नाही त्याला बाहेर बसावे लागते. दिंडीने दुसरी निवड केली. तिची कारागिरी लयीत आहे, टाळांच्या जोडकामात आहे, चाल संथावरून द्रुतावर नेताना शेकडो हात एकदम फिरवण्यात आहे. सूर उंच धरतात तेही माळरानावर आवाज लांब जावा म्हणून.

सप्तमी. पैठण

दुसरा आक्षेप असा की ही भक्ती आहे, तिला संगीताच्या मापाने मोजूच नये. मोजण्याचा प्रश्न नाही, पण भक्ती म्हणून बाजूला ठेवले की तिच्यातल्या शिक्षणाकडे कुणी पाहत नाही, आणि मृदंग शिकवणारा गावातला म्हातारा कलावंतांत धरला जात नाही. नाथांनी स्वतः हा भेद पाळला नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी दारोदार जे गात होते त्याचे साज त्यांनी भारुडाला दिले. भारुडाला आणि कीर्तनाला श्रोते असतात, हे कबूल. पण चांगला कीर्तनकार मध्येच थांबून गजर सभेच्या हाती देतो, आणि मांडी घालून बसलेला श्रोता तेवढ्यापुरता वृंदात येतो. तिसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर देणे कठीण आहे. ‘जो आला तो गाणारा’ म्हणताना टाळांच्या ओळी बहुतेक पुरुषांच्याच, आणि बायका मागे. गावोगावी आता महिलांची भजनी मंडळे आहेत, त्यांचा ठेका पक्का असतो. त्यांना दिंडीच्या मध्यावर जागा मिळेपर्यंत हा दावा अर्धाच राहतो.

अष्टमी. पैठण

आज सूर्यास्ताला काल्याची दहीहंडी, आणि यात्रा आटोपते. या गर्दीत सगळ्यात मोठा आवाज भोंग्यांचा असतो, आणि दिंडीला खरा धोका तोच. भोंग्याची बाजू घेणारे म्हणतात, लाखो माणसे जमतात, नुसत्या गळ्याने कुणाला ऐकू जाणार? दर्शनबारीच्या सूचनांना, हरवलेल्या मुलाच्या पुकाऱ्याला ध्वनिवर्धक हवाच. पण गाणे लाखांना ऐकू जावे अशी दिंडीची गरजच नाही. तिचा आकार गळ्याच्या टप्प्याने ठरलेला आहे. माणसे वाढली की दिंड्या वाढतात, आवाज वाढवावा लागत नाही. भोंगा लागला की चरण उचलणारा एक उरतो, ध्रुपद त्याच्याच आवाजात बुडते, समोरची ओळ झेलायचे सोडते आणि हळूहळू हातातला टाळ खाली येतो. दोन ओळींतला गाणारा असा श्रोता होतो, आणि तेही कुणी बंदी न घालता. उपाय महागडा नाही. दिंड्या समाधिमंदिराकडे जातात त्या वाटेवर, आणि काल्याच्या आधीचा एक तास, भोंगे फक्त सूचनांपुरते ठेवावेत. एवढे देवस्थान, नगरपालिका आणि फडकरी मिळून पुढच्या षष्ठीलाच ठरवू शकतात.