ग्लिकल आजीची वही

हाम्बुर्गची ज्यू बाई, ग्लिकल. नवरा हाईम 1689 मध्ये गेला. पदरात लग्नाची मुलं, मागे 20,000 राइशथालरचं कर्ज. ते तिने फेडलं, मोत्यांचा व्यापार पुढे चालवला. रात्री झोप येईना म्हणून 1691 च्या सुमारास मुलांसाठी यिडिशमध्ये लिहायला बसली.

हुंडा किती ठरला, कोणी बुडवलं, कोणाचं दिवाळं निघालं, सगळं ती सांगते. लाडक्या लेकाने बर्लिनमध्ये धंदा बुडवला, तेही. घराण्याच्या इतिहासातून असली पानं सहसा फाडली जातात. तिने ती मुलांच्याच हाती दिली, यात मला माया दिसते.

ती तीन वर्षांचीही नसताना जर्मन ज्यूंना हाम्बुर्ग सोडावं लागलं. आल्टोना जवळच, पण राज्य डेन्मार्कच्या राजाचं. धंद्यासाठी शहरात जायला परवाना लागे: चार आठवड्यांना एक डुकाट. कित्येकांकडे तेवढेही पैसे नसत. ते चोरून जात, मार खात. संध्याकाळी नवरा सुखरूप परतला की बायका देवाचे आभार मानत.

1665. सबताई झ्वी हाच मसीहा, अशी आवई युरोपभर उठली. तिच्या सासऱ्यांनी पवित्र भूमीच्या प्रवासासाठी कापड, वाटाणे, सुकं मांस भरून पिंपं हाम्बुर्गला पाठवली. सबताईने 1666 मध्ये इस्लाम स्वीकारला. पिंपं तशीच पडून. शेवटी खाण्याचे जिन्नस काढून घ्या, नाहीतर कापड नासेल, असा निरोप आला. लोक घरदार विकून निघाले होते, हे ती विसरत नाही. त्या निराशेवर तिने लिहिलेलं मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

मूळ हस्तलिखित हरवलं. लेकाने केलेल्या नकलेवरून 1896 मध्ये छापील पुस्तक निघालं. 1910 चं जर्मन भाषांतर बेर्टा पापेनहाइमचं: ज्यू स्त्रियांच्या संघटनेची संस्थापक, आणि ग्लिकलच्या नात्यातलीच.

वहीत एक पक्ष्याची गोष्ट आहे. बाप एकेका पिल्लाला समुद्रापार नेतो आणि विचारतो, म्हातारपणी मला सांभाळशील? दोघं हो म्हणतात. खोटं बोललात म्हणून तो त्यांना पाण्यात टाकतो. तिसरं म्हणतं, तुझं वचन देववत नाही, पण माझ्या पिल्लांना असंच जपेन. ते वाचतं.

मुलांवर भार नको म्हणून तिने 1700 मध्ये मेट्झच्या सावकाराशी दुसरं लग्न केलं. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं, तिचेही पैसे बुडाले. तो वारल्यावर अखेर लेकीकडेच राहावं लागलं. तिथे आपल्याला किती मानाने वागवतात, हेही तिने तितक्याच मोकळेपणाने लिहून ठेवलंय.