पळण्याचे बूट घ्यायचेत? आधी जमीन पाहा



केंद्र, तालुका, जिल्हा अशा शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरीला पळायला कोणते बूट घेऊ?" विचारणारे वडील कांद्याचे पैसे हातात आल्यावर वर्षातून एकदाच बुटांसाठी खर्च करणारे असतात. कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत असं वाटत असेल तर आपण आधी एक उलटा प्रश्न विचारायला हवा. "पोरगी पळणार कुठं?"

कारण पळण्याचा बूट नुसता चांगला किंवा वाईट नसतो. तो एखाद्या जमिनीसाठी चांगला असतो.

आपल्याच भागातल्या चार जमिनी

मिरजगाव नगर-सोलापूर महामार्गावरचं गाव. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तुम्हाला रस्त्याच्या कडेनं पळताना दिसतील. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं, म्हणून सराव बहुतेक डांबरावरच होतो. डांबर कडक असतं आणि पाऊल दर वेळी त्याच कोनात आपटतं. अशा ठिकाणी मऊ फोमचा, सपाट सोलचा बूट हवा. फोम बसलेल्या जुन्या बुटात रोज डांबरावर पळणाऱ्या पोरांच्या नडग्या दुखायला लागल्या तर आश्चर्य नको. साधारण 500 ते 800 किलोमीटर पळून झालं की फोम दबतो, मग वरून बूट कितीही नवा दिसो.

दुसरी जमीन मुरमाची. आपल्या बहुतेक शाळांची मैदानं आणि वस्तीवरचे रस्ते हेच. मुरूम वाळला की त्यावर बारीक खडे सुटे होतात आणि वळणावर पाय सरकतो. इथं सोलला तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ असलेले दात हवेत. सोलवरचे उंचवटे म्हणजे दात, हे मुलांना लगेच समजतं.

तिसरी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाऊस पडला की ती फुगते आणि बुटाला धरून बसते. वाफसा आलेला असेल तर त्या रानातून पळायला छान वाटतं, पण ओल जास्त असेल तर दहा पावलांत बूट जड होतो. इथं दात उंच, सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि एकमेकांपासून लांब हवेत. जवळजवळ दात असले की मधल्या फटीत चिखल भरतो, सोल गुळगुळीत होतो आणि मूल घसरतं.

चौथी जमीन कातळाची. ती आपल्या कर्जत तालुक्यात फारशी नाही, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, 1646 मीटर उंचीचं कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे. सहलीला आपण तिथं जातो. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर उंच दात उपयोगाचे नाहीत, कारण दगडात ते रुततच नाहीत. तिथं रबर मऊ आणि चिकट हवं, आणि जास्तीत जास्त सोल दगडाला टेकायला हवा. पुढे अंगठ्याजवळ जाड रबराची पट्टी असली तर ठेच लागली तरी नखं वाचतात.

ट्रॅक्टरचं टायर बघा

हे सगळं मुलांना शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. शाळेसमोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचं मागचं टायर दाखवा. त्याचे दात उंच, तिरपे आणि लांब लांब असतात. चिखलात रुतून माती मागं ढकलायची आणि फिरता फिरता ती झटकून टाकायची, हे त्यांचं काम. मग एसटीचं टायर दाखवा. त्याची नक्षी उथळ आणि जवळजवळ. आता मुलांना विचारा, एसटीचं टायर ट्रॅक्टरला लावलं तर काय होईल? उत्तर तीच देतात. "मॅडम, रानात रुतून बसंल!"

टायर आणि बुटाचं हे नातं खरोखरचं आहे. 1935 साली आल्प्स पर्वतात एका चढाईत सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. पायातली पादत्राणं तशा हवामानाला पुरी पडली नाहीत, हे त्यामागचं एक कारण होतं. त्यांच्याबरोबर गेलेल्या मिलानच्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर दातेरी रबरी सोल तयार करण्याचा ध्यास घेतला. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीची मदत मिळाली आणि 1937 मध्ये तो सोल बाजारात आला. त्यांच्या नावावरूनच 'विब्रम' हे नाव पडलं. आज डोंगरात पळण्याच्या बुटांवर जे दात दिसतात, ते त्याच सोलची पुढची पिढी.

आपल्याकडे तर उसाच्या गाडीच्या बैलाला डांबरी रस्त्यासाठी पत्र्या मारतात. बैलाच्या पायाचा विचार आपण जमीन बघून करतो. मग लेकराच्या पायाचाही तसाच करूया.

पाणी अडवणारा की पाणी सोडणारा?

दुकानदार सांगतो, "हा वॉटरप्रूफ आहे, घ्या." इथं जरा थांबा. ओढ्यात किंवा डबक्यात पाय बुडाला की पाणी वरून, घोट्याच्या बाजूनं आत शिरतं. वॉटरप्रूफ बुटातून ते बाहेर पडत नाही. मूल पुढचे दोन किलोमीटर पाणी घेऊन पळतं आणि पायाला फोड येतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. सीनेपलीकडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे. गाडीची सोय नव्हती म्हणून लहानपणी ते सहा किलोमीटरवरच्या शाळेत पळत, चालत जायचे. पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेले आणि 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये उतरले. या शर्यतीत 28 वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. म्हणून या शर्यतीचे बूट हलके आणि जाळीचे असतात. आत आलेलं पाणी पटकन निघून जावं, असेच ते बनवतात. साबळे यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण फक्त 0.05 सेकंदांनी हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णही आणलं.

जाळीला एक तोटा आहे, तो आपल्या भागात विसरून चालणार नाही. गवतात पळालं की कुसळं जाळीतून मोज्यात घुसतात. म्हणून बांधावरून, माळावरून पळणाऱ्यासाठी बारीक विणीची जाळी बघा. आणि सराटे, बाभळीचे काटे? नुसता मऊ फोम बाभळीच्या काट्याला अडवत नाही. डोंगरातल्या काही बुटांत सोलच्या आत एक पातळ कडक पत्री असते. ती टोकदार दगड आणि काट्यापासून बरंच वाचवते. ती नसेल तर निदान खालचं रबर अख्ख्या तळव्याला आहे ना, मधे उघडा फोम दिसत नाही ना, हे पाहा.

माप: "वाढत्या अंगाचे" नकोत

आपली जुनी सवय. दोन नंबर मोठे घ्यायचे, म्हणजे दोन वर्षं जातील. चालायला एक वेळ चालेल, पण पळताना पाय आत मागं-पुढं सरकतो, फोड येतात आणि उतारावर अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं. त्यामुळे एवढं करा:

• बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात.
• पळताना घालायचे तेच मोजे घालून बघा.
• मूल उभं असताना अंगठ्यापुढे आपल्या हाताच्या अंगठ्याची रुंदी मावेल एवढीच जागा ठेवा.
• बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध दुमडायला नको.
• दुकानात दहा पावलं पळायला लावा. टाच वर निघत असेल तर तो बूट नको.

एकच जोडी घ्यायची असेल तर

खरं तर बहुतेकांना एकच जोडी घ्यायची असते. गेल्या वर्षी वस्तीवरून येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांना मी वहीचा कागद दिला. म्हटलं, "दादा, आठवडाभर ती कुठं कुठं पळते ते लिहा." कागद परत आला तेव्हा त्यावर होतं: पाणंद, शाळेचं मैदान, पाणंद, मैदान, एक दिवस रोड. तिच्यासाठी दाखवलेला जाड फोमचा, हवेच्या फुग्याचा बूट डांबराचा होता. त्याऐवजी त्यांनी मध्यम दातांचा साधा बूट घेतला, तोही कमी पैशात. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही रंग बघत होतो, खालून उलटा करून बघितलाच नव्हता."

तुम्हीही असाच कागद करा. ज्या जमिनीवर सगळ्यात जास्त पळणं होतं, तिचा बूट घ्या. फक्त दातेरी बूट रोज डांबरावर वापरू नका, दात लवकर झिजतात.

आणि ज्यांच्याकडे बूट नाहीत?

शिक्षकांनो, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इथिओपियाचे अबेबे बिकिला 1960 मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकले आणि 1964 मध्ये टोकियोची बूट घालून जिंकले. माणूस तोच होता. आपल्या वर्गातली काही मुलं जन्मापासून अनवाणी पळालेली आहेत. त्यांचे पाय मजबूत असतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांना उसने, न मापाचे बूट घालू नका. बूट नाहीत म्हणून कुणाला रांगेतून बाजूलाही काढू नका. त्याऐवजी आदल्या दिवशी मुलांना घेऊन मैदान झाडा, खडे आणि सराटे वेचा. हे काम फुकट आहे आणि त्याचा फायदा सगळ्यांच्याच पायांना होतो.

वर्गासाठी उपक्रम

परिसर अभ्यास आणि गणित, दोन्ही साधतात.

1. वेगवेगळ्या बुटांचे ठसे ओल्या मातीत उमटवा. कोणत्या ठशात माती सोलला चिकटून वर आली ते नोंदवा.
2. एक बूट कोरडा असताना तराजूत तोला. काळ्या रानातून फिरवून आणा आणि परत तोला. वजाबाकी मुलांनाच करू द्या.
3. घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढा आणि प्रत्येक जमिनीला वेगळा रंग द्या.

तुमच्या शाळेचं मैदान कसलं आहे? मुरमाचं, काळ्या मातीचं, लाल मातीचं की फरशीचं? मुलांनी तोललेल्या बुटांचे आकडे मला नक्की कळवा. आमच्या फळ्यावर मिरजगावचे आकडे आहेत, शेजारी तुमच्या गावचेही लिहू.